हशाच्या जागा

आमच्यावर टीव्हीवर विनोदी मालिका निघाली तेव्हा माझी बायको पोट धरून हसली. मी हसलो नाही. त्यात मी जाडा होतो, विजेला भिणारा होतो आणि दर भागात एकदा तरी पाण्याच्या टाकीत पडत होतो. मी इलेक्ट्रिशियन आहे. उभ्या आयुष्यात टाकीत पडलेलो नाही. जाडा आहे, ते सोडा.

आम्ही दोघं एका मोठ्या वसाहतीत देखभालीच्या कामाला. वीज माझ्याकडे, पाणी त्याच्याकडे. इमारती जुन्या, उंच, एकमेकींना चिकटलेल्या, त्यामुळे एकीचं दुखणं दुसरीला लागायचं. मला सगळे टेस्टर म्हणत, कारण तो कायम माझ्या खिशाला अडकवलेला. त्याला वायसर म्हणत. नळात बसवायचे रबरी वायसर त्याच्या शर्टाच्या खिशात, विजारीच्या खिशात, डब्याच्या पिशवीत आणि एकदा तर त्याच्या आईच्या गोळ्यांच्या डबीत निघाले होते. म्हातारीला कमी दिसतं. तिनं एक वायसर गोळी समजून तोंडात टाकला, पाण्याबरोबर खाली उतरेना तेव्हा थुंकला आणि म्हणाली, "या डॉक्टरची औषधं दिवसेंदिवस कडक होत चाललीत." हा किस्सा तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा.

वायसर पाइपांशी बोलायचा. कुणाच्या बाथरूममध्ये गळतीची तक्रार असली की तो आधी त्या पाइपवर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "काय झालं बाई? कोण बोललं तुला?" मग घरच्या बाईकडे वळून हळूच, "हिला जरा एकटीला सोडा. सगळ्यांसमोर सांगायची नाही ती." आणि काम झाल्यावर, पान्यानं शेवटचा आटा आवळताना, "आता रडायचं नाही. आणि घरातलं खालच्या मजल्यावर सांगायचं नाही." माणसं तक्रार विसरून हसायची. मी करवादायचो, "अरे, पाना चालव, तोंड काय चालवतोस." पण खरं सांगतो, त्याच्याबरोबर दिवस कसा जायचा ते कळायचं नाही.

दुसरी गोष्ट आमच्या ठोक्यांची. इमारतीच्या पोटात, बाथरूमांच्या मागे, डक्ट असते. वरपासून खालपर्यंत अरुंद, अंधारी पोकळी, त्यात सगळे पाइप. तिथं काम निघालं की वायसर कुणाच्या तरी बाथरूमच्या खिडकीतून कमरेला दोर बांधून बाहेर पडायचा. दोराचं दुसरं टोक गच्चीवर माझ्याकडे. डक्टमध्ये हाक मारून उपयोग नसतो. आवाज इतका घुमतो की हाक मारली काय आणि शिवी दिली काय, खाली सारखंच पोचतं. म्हणून मी दोर खांबाला पक्का बांधला की लोखंडी पाइपवर पान्यानं दोन ठोके द्यायचो. दोन ठोके म्हणजे बांधला, सोड पाय. एक ठोका म्हणजे थांब. हे आमचं आम्हीच ठरवलेलं. कुठल्या पुस्तकात नाही, कुठल्या साहेबानं शिकवलेलं नाही.

मालिकावाले आले ते मॅनेजरच्या ओळखीनं. दोन नट आमच्याबरोबर फिरणार, आमचं काम बघणार, असं ठरलं. माझा नट दोन दिवस माझ्याकडे बघत राहिला आणि "झालं माझं" म्हणून निघून गेला. माझ्यात दोन दिवसांपेक्षा जास्त बघण्यासारखं काही नाही, असं निदान तोंडावर तरी सांगायला नको होतं. वायसरचा नट मात्र राहिला. तो त्याच्याबरोबर पंपघरात बसला, त्याच्या डब्यातलं खाल्लं, कॉक खोलायला शिकला, डाव्या पायावर भार देऊन कसं उभं राहायचं ते शिकला. त्याला 'उस्ताद' म्हणायला लागला. वायसर लाजायचा आणि आणखीच बोलायचा.

मालिकेचं नाव 'गळती'. ती अशी चालली की विचारू नका. वायसर दर संध्याकाळी आईला टीव्हीसमोर बसवून सांगायचा, "हा बघ मी." आई म्हणायची, "तू तर इथं बसलायस." "मी इथं पण आहे आणि तिथं पण." म्हातारी टीव्हीच्या काचेला नाक लावून बघायची आणि म्हणायची, "तिथला बरा आहे. दाढी केलेली आहे."

आमचे ठोके त्यांनी उचलले. मालिकेत तो जाडा आणि तो बडबड्या एकदा पाइपवर ठोके मारून मारून आख्खं भांडण करतात, शिव्यांसकट, आणि मधल्या सगळ्या मजल्यांवरची माणसं दचकत राहतात. लोकांना ते फार आवडलं. आमच्या वसाहतीत तर घरोघरी ठोके सुरू झाले. जेवायला बोलवायचं तर ठोके, वरच्या मजल्यावरच्याला डिवचायचं तर ठोके. एक निवृत्त हेडमास्तर रोज संध्याकाळी काठीनं बाथरूमचा पाइप वाजवायचे आणि खालून उत्तर आलं की खूश व्हायचे. मी मॅनेजरला जाऊन सांगितलं, साहेब, हे बंद करा, आमचा जीव त्या ठोक्यांवर टांगलेला असतो. मॅनेजर हसला आणि टेबलावर दोन ठोके मारले. वायसरला सांगितलं तर तो म्हणाला, "तू कशाला जिवाला लावून घेतोस? तुझा ठोका मी झोपेत ओळखीन."

त्या दिवशी डक्टमध्ये मधल्या एका मजल्याचा सांधा गळत होता. वायसर खिडकीत बसला होता, पाय बाहेर सोडून. मी गच्चीवर दोराचा खांबाभोवती एक फेरा घेतला होता. गाठ मारायची होती. तेवढ्यात खालून कुठून तरी पाइपवर दोन ठोके आले. अगदी बरोबर वजनाचे, मध्ये बरोबर तेवढीच जागा. मालिकेनं लोकांना चांगलं शिकवलं होतं. मी ओरडलो. डक्टनं त्या ओरडण्याचं काय केलं ते वर सांगितलंच आहे. दोर माझ्या हातातून सळसळत निघून गेला आणि तळहातांची कातडी घेऊन गेला.

ठोके कुणी मारले ते कधीच कळलं नाही. मॅनेजरनं दारोदार विचारलं, सगळे नाही म्हणाले, आणि मला वाटतं त्यातल्या एकाला खरंच आठवतही नसेल. कुणी वाईट मनानं केलं नव्हतं. हात धुता धुता गंमत म्हणून वाजवलं असेल.

वायसर मेला नाही. डोक्याला मार लागला. दवाखान्यातून घरी आणला तो असा, की डोळे उघडे, चमच्यानं भरवलं तर गिळतो, आणि बाकी काही नाही. बोलणं नाही, रडणं नाही, हाताची बोटं चादरीवर ठेवू तशी पडून. डॉक्टर सरळ माणूस होता. म्हणाला, "आत किती उरलंय ते मी सांगू शकत नाही. फार आशा धरू नका."

मायलेकांच्या दोन खोल्या तळमजल्यावर. बाहेरच्या खोलीत त्याची लोखंडी खाट, उशाला औषधं, पायथ्याशी टीव्ही. मी रोज काम सुटल्यावर जायचो. म्हातारी आणि मी मिळून त्याला कुशीवर वळवायचो, पाठ पुसायचो. त्याची दाढी मी करायचो. सुरुवातीला मी बोलायचोही, आज अमुक इमारतीत मीटर जळालं, तमुक बाई भांडली. मग बोलणं आटलं. भिंतीशी बोलणं सोपं, ती तुमच्याकडे बघत नसते.

पण एक गोष्ट मला त्याला सांगायची होती आणि ती मी सांगत नव्हतो. वायसर पडला तेव्हा त्याच्या कानात दोन ठोके होते. तो झोपेतही माझा ठोका ओळखणार होता. म्हणजे या डोक्याच्या आत जर कुणी उरलं असेल, तर ते पडल्या पडल्या एकच म्हणत असणार, की टेस्टरनं बांधला म्हणून सांगितलं आणि बांधला नव्हता. या विचारानं माझी झोप उडाली, जेवण गेलं. बायको म्हणाली, सांगून टाका एकदा. पण ऐकायला कुणी नसताना सांगून काय करू? त्यानं ऐकायला हवं होतं. निदान पापणी हलवायला हवी होती.

म्हातारी संध्याकाळी 'गळती' लावायची, आवाज मोठा करून. पहिल्या दिवशी मी उठून बंद करायला गेलो तर तिनं माझ्या हातावर चापट मारली.

"राहू दे. त्याचा आवाज आहे तो."

"मावशी, तो नट आहे."

"मला माहितेय. मी आंधळी झालेय, खुळी नाही झाले. पण बोलणं कुणाचं आहे? माझ्या लेकाचं ना? आपलंच बोलणं कानावर पडत राहिलं की येईल तो परत."

बुडत्याला काडीचा आधार, असं मी मनात म्हटलं आणि टीव्ही चालू ठेवला. रोज तो बडबड्या पडद्यावर येऊन "काय झालं बाई?" म्हणायचा, रोज न दिसणारी माणसं खो खो हसायची आणि रोज खाटेवरचा वायसर छताकडे बघत राहायचा. माझा नट टाकीत पडायचा.

मग एका संध्याकाळी वायसरनं मान वळवली. टीव्हीकडे. मी दाढीचं सामान धुवत होतो, मग तसाच ओल्या हातानं उभा राहिलो. काही दिवसांनी मालिका चालू असताना त्याचे ओठ हलले. आवाज नाही, नुसते ओठ, पण हलले, आणि ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. डॉक्टरला सांगितलं तर तो "असेलही, नसेलही" म्हणाला. डॉक्टरनं एवढं म्हणणं मला खूप झालं. ज्या मालिकेच्या नावानं मी बोटं मोडत होतो, तिची मी घड्याळाकडे बघत वाट पाहायला लागलो. आशा वाईट असते. एकदा घरात शिरली की जेवायला बसते, झोपायलाही तिथेच.

तेवढ्यात बातमी आली की मालिका बंद होणार. लोकांना कंटाळा आला होता. म्हातारी म्हणाली, "त्या पोराला इथं बोलाव. टीव्हीतून एवढं होतं, तर समोर बसून बोलला तर काय होईल." मी नाही म्हणणार होतो. ज्यांच्यामुळे हे झालं त्यांच्या दारात जाऊन काय उभं राहू? पण मग वायसरचे ते हललेले ओठ आठवले.

त्यांचं चित्रीकरण एका मोठ्या गोदामात चालायचं. आत आमचं पंपघर उभं केलेलं, प्लायवूडचं. पाइप पुठ्ठ्याचे, वरून चंदेरी रंग. मी बोटानं दाबून पाहिला तर खळगा पडला. माझा नट माझ्या शेजारून गेला, त्यानं मला ओळखलं नाही. वायसरचा नट काम करत होता. एक वाक्य बोलायचा आणि मध्येच गप्प उभा राहायचा, कुणी काही बोलायचं नाही, मग पुढचं वाक्य. मला वाटलं विसरतोय बिचारा. सुट्टी झाल्यावर तो माझ्याकडे धावत आला तेव्हा मी आधी तेच विचारलं.

"विसरत नाही हो," तो म्हणाला. "ती हशाची जागा. हसू नंतर यंत्रातून भरतात, म्हणून आम्ही तेवढं थांबायचं. उस्ताद कसे आहेत?"

त्याला काहीच माहीत नव्हतं. मी सांगितलं. तो खाली बसला, पुठ्ठ्याच्या पाइपाला टेकून, आणि तो पाइप वाकला.

"कसे पडले?"

येताना वाटेत मी सगळं जुळवून आलो होतो. तुमच्या त्या भांडणाच्या भागानंतर काय काय झालं, मॅनेजरनं टेबल कसं वाजवलं, सगळं. पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, तसा रागही परवडत नाही.

"पाय घसरला," मी म्हणालो. "तू येशील का?"

तो आला. चांगला माणूस आहे, हे मला सांगायलाच हवं. नुसता आला नाही, तर वायसरसारखा निळा शर्ट घालून, खिशात खरे रबरी वायसर भरून आला. म्हातारीनं सकाळपासून खोली पुसली होती, चादर बदलली होती, लेकाचा भांग पाडला होता. मी दाढी जरा जास्तच गुळगुळीत केली होती. नटानं चपला बाहेर काढल्या, आत येऊन डाव्या पायावर भार देऊन उभा राहिला, थेट वायसर उभा राहायचा तसा. म्हातारीनं हात पुढे करून त्याचा खांदा चाचपला आणि हात मागे घेतला.

त्यानं खाटेच्या लोखंडी दांडीवर तळहात ठेवला. डोळे मिटले.

"काय झालं बाई? कोण बोललं तुला?"

आणि सवयीनं थांबला.

वायसर हसला. आवाजानं हसला. पडल्यापासून त्याच्या तोंडून निघालेला तो पहिला आवाज. म्हातारी मटकन खाटेवर बसली आणि त्याच्या पायाला मिठी मारली. नटाच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण कसलेला माणूस, त्यानं धागा सोडला नाही.

"हिला जरा एकटीला सोडा. सगळ्यांसमोर सांगायची नाही ती."

थांबला. वायसर हसला.

"आता रडायचं नाही. आणि घरातलं खालच्या मजल्यावर सांगायचं नाही."

वायसर पुन्हा हसला, आणि मोरीच्या दारात उभा असलेला मी कान देऊन ऐकायला लागलो. वायसरचं हसणं मला माहीत होतं. तो आवाज न करता हसायचा, खांदे गदगदायचे, डोळ्यांतून पाणी यायचं आणि शेवटी उचकी लागायची. हे ते नव्हतं. हे हसणं एकदम भरून यायचं, तसंच सपाट चालायचं आणि नळ बंद केल्यासारखं संपायचं. तिन्ही वेळा सारखंच, तेवढंच. त्या मालिकेच्या हशात शेवटी एक बाई मागे राहते. सगळे गप्प झाल्यावर ती एकटीच बारीक आवाजात थोडं हसते. मी आणि बायको घरी तिला नावं ठेवायचो. वायसर तिच्यासकट हसत होता.

इतके महिने तो ऐकत होता खरा. पण त्यातलं आपलं बोलणं त्यानं उचललं नव्हतं. जे बोलत होते त्यांच्याशी त्याचं काही नातं उरलं नव्हतं. तो हसणाऱ्यांत जाऊन बसला होता.

मी हे कुणाला सांगितलं नाही. नट जाताना मला मिठी मारून म्हणाला, "उस्ताद परत येणार, बघा तुम्ही." म्हातारीनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, त्याला पुन्हा यायला सांगितलं, दारापर्यंत भिंत धरून गेली. परत आली ती दहा वर्षांनी लहान होऊन. "आता तू बोल," मला म्हणाली. "तू त्याचा जोडीदार. तुला तर नक्की ओळखेल. बस असा समोर."

मी स्टूल ओढून बसलो. वायसर माझ्याकडे बघत होता, छताकडे बघायचा तसाच.

"वायसर, मी टेस्टर."

तो हसला. शेवटी ती बाईही हसली.

"बघ," म्हातारी म्हणाली. "मी सांगत नव्हते?"

माझ्या घशाशी आलं होतं ते आता मागे जाईना. आत कुणी नाही हे मला कळलं होतं, आणि तरीही वाटलं, चुकून असलं तर. एखाद्या कोपऱ्यात, पाइपाला कान लावून बसलेलं असलं तर.

"त्या दिवशीचे ठोके माझे नव्हते. मी दोर बांधतच होतो. मी नव्हते दिले ते ठोके, वायसर."

पुढे मला बोलवेना. मी थांबलो.

तो हसला. भरभरून, सपाट, शेवटपर्यंत.

मग मी भराभर बोलायला लागलो. नवा प्लंबर आलाय, घुमा माणूस आहे, पाइपाशी सोड, माझ्याशीसुद्धा बोलत नाही. हेडमास्तरांनी घर बदललं. पंपघराची मोटर पुन्हा जळाली. एका वाक्याला दुसरं जोडत गेलो, श्वास चोरून घेत गेलो, मध्ये कुठे फट पडू दिली नाही. वायसर नुसता बघत होता.

"अरे, असा घाईघाईनं काय बोलतोस," म्हातारी म्हणाली. ती माझ्या शेजारी जमिनीवर बसली होती, लेकाचा हात हातात धरून, त्याच्या तोंडाकडे कान लावून. "मध्ये मध्ये थांबत जा. त्याला हसू दे."

मी थांबलो.